तिरकी घोडी

कारखान्यात मला वस्तू नाकारण्याचा पगार मिळत असे. हुद्दा इन्स्पेक्टरचा, बसायची जागा गेज रूम. लेथवरून, मिलिंगवरून उतरलेले भाग ट्रेमध्ये भरून आमच्याकडे यायचे आणि आम्ही ते मोजायचे. मापात असेल त्याला हिरवा ठिपका, नसेल त्याला लाल. सत्तर साल उलटून तीन-चार वर्षं झाली होती, मी पंचविशीत होतो, आणि लाल ठिपका देताना मला जो आनंद व्हायचा तो आज सांगायलाही लाज वाटते. मी शॉपमध्ये शिरलो की मशिनवरचे लोक एकमेकांना खुणा करून म्हणत, "आली साडेसाती." मला ते ऐकू यायचं. खरं सांगायचं तर आवडायचंही.

त्या खोलीत शिकलेली एक गोष्ट मला काळ्या दगडावरची रेघ वाटायची. ड्रॉइंगवर जितकी कमी चूक चालते म्हणून लिहिलेलं असेल, तितकी ती वस्तू महाग. ज्या शाफ्टला मिलिमीटरचा दहावा भाग इकडेतिकडे चालतो तो स्वस्त. ज्याला शंभरावा भागही चालत नाही त्याला वेगळं मशीन, वेगळा कारागीर, वेगळा भाव. म्हणजे महाग ते मापात आणि स्वस्त ते ढिसाळ. चपलेपासून छत्रीपर्यंत मी याच हिशोबाने खरेदी करायचो. आई म्हणायची, "ह्याला फसवायला दुकानदारानं दुसरं काही करायला नको, नुसता भाव वाढवून सांगावा."

आमचं घर पिंपरीत, चाळीतल्या दोन खोल्या. वडील औषधांच्या कारखान्यात कामाला आणि संध्याकाळी गायन पार्टीचे गायक. भीमजयंतीच्या आधी महिनाभर आमच्या घरात पेटी आणि ढोलकी यांच्याखेरीज काही ऐकू यायचं नाही. सूर मला घरातून मिळाला, गिटार मात्र कंपनीतून. कंपनीचा स्वतःचा ऑर्केस्ट्रा होता. त्यातला गिटारवाला फिटर होता आणि त्याने दोन वर्षं जेवणाच्या सुट्टीत मला स्वतःच्या गिटारवर शिकवलं. मग त्याला आखातात नोकरी लागली, तो गेला, आणि गिटारही त्याच्याबरोबर गेली.

ऑर्केस्ट्राचे प्रमुख आमच्या टाइम ऑफिसातले एक गृहस्थ. आधी मिलिटरी बँडमध्ये होते, अकॉर्डियन वाजवायचे, सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. त्यांनी मला बोलावून सांगितलं, "जागा मोकळी आहे. दिवाळीनंतर कंपन्यांच्या ऑर्केस्ट्रांची स्पर्धा आहे. महिनाभरात स्वतःची गिटार घेऊन ये. सुरात राहणारी आण. नाहीतर पुण्याहून कॅम्पातला माणूस बोलावीन. तो पैसे घेईल, पण बेसूर वाजवणार नाही."

मला ती खुर्ची हवी होती. एवढी हवी होती की रात्रपाळीला व्हर्नियर हातात असताना डाव्या हाताची बोटं मांडीवर चालत राहायची. कारण साधं होतं. दिवसभर मला बघून लोकांची तोंडं वाकडी व्हायची. मला बघून टाळ्या वाजतील अशी अख्ख्या कारखान्यात ती एकच जागा होती.

गुरुवारी, आमच्याकडच्या सुट्टीच्या दिवशी, मी बसने पुण्याला गेलो. खिशात स्टीलची पट्टी, फटी मोजायचं माझं स्वतःचं फीलर गेज आणि नोंदवही. वाद्यांच्या दुकानात भिंतीवर आठ-दहा गिटारी टांगलेल्या होत्या. खालच्या रांगेतल्या स्वस्त, वरच्या रांगेतल्या महाग, आणि सगळ्यात वर एकच होती, काळीभोर, कडेला शिंपल्याची नक्षी, तारा पिळायच्या चाव्या चांदीसारख्या. दुकानदाराने मला "वाजवता का?" असं विचारलं. मी म्हटलं, "आधी मोजतो."

त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. मी मात्र एकेक गिटार मांडीवर घेऊन कामाला लागलो. गिटारच्या दांडीवर जे आडवे पडदे असतात त्यांतला बारावा पडदा तारेच्या बरोबर मध्यावर यायला हवा, एवढं मला माहीत होतं. म्हणजे दांडीच्या टोकाला तारा टेकतात त्या वरच्या पट्टीपासून बाराव्या पडद्यापर्यंत जेवढं अंतर, तेवढंच तिथून खाली घोडीपर्यंत. घोडी म्हणजे तारा जिथे टेकतात ती खालची पट्टी. स्वस्तातल्या एकीचीही घोडी जागेवर नव्हती. कुणाची इकडे, कुणाची तिकडे, कुणाची चक्क तिरपी. काळ्या गिटारची मात्र घोडी काटकोनात आणि अंतर केसाएवढंही कमीजास्त नाही. मी तिच्यावर त्या वरच्या पट्टीजवळचे दोन-चार कॉर्ड वाजवले, गोड वाजले. भाव मी दोनदा विचारला, पण मनाला बरंही वाटलं. माझा सिद्धांत खरा निघाला होता.

तरी तेवढे पैसे म्हणजे दोन पगार आणि वर बोनस, म्हणून मी लगेच घेतली नाही. ऑर्केस्ट्रातल्या ढोलकीवाल्याने सांगितलं होतं की आमच्याच पॅटर्न शॉपमधल्या मिस्त्रींनी एक गिटार बनवली आहे, विकायचीही आहे. पॅटर्न शॉप म्हणजे फौंड्रीचं सुतारकाम. बिडाचा भाग ओतायचा असेल तर आधी तो हुबेहूब लाकडात करतात, त्यावरून वाळूचा साचा बनतो. मिस्त्री पन्नाशीचे, चिखलीचे, गावातल्या जुन्या सुतार घराण्यातले. पंचक्रोशीतल्या भजनी मंडळांच्या वीणा आणि पेट्या त्यांच्याकडे दुरुस्तीला यायच्या.

पुढच्या गुरुवारी मी सायकल काढली. तेव्हा निगडीच्या पुढे प्राधिकरणाच्या नव्या वसाहतीचे हद्दीचे दगड नुसते रोवलेले होते, मधे सगळी ज्वारी आणि बाभळी. चिखलीत त्यांचं घर शोधायला लागलं नाही, रंध्याचा आवाज आला तिकडे वळलो. ओट्यावर लाकडाच्या सालींचा ढीग आणि त्यात मिस्त्री.

"या इन्स्पेक्टर," ते म्हणाले. "आज आमच्या घरी तपासनी?"

घरातून चहा आला. मग त्यांनी आतून गोधडीत गुंडाळलेली गिटार आणली. ना रंग, ना नक्षी, ना कुठे लेबल. लाकडाचा आपला जो मधासारखा रंग तोच, वर हाताने घासलेलं पॉलिश. वरचा भाग, त्याला ते तबली म्हणत, परदेशातून आलेल्या एका मशिनच्या खोक्याच्या फळीचा होता.

"भंगारात निघालं व्हतं खोकं. रीतसर गेटपास करून आणलं," त्यांनी आधीच सांगून टाकलं. "रेषा बघा कशा हायेत. उभ्या, सरळ, एकीला एक चिकटून. असलं लाकूड त्येंनी खोक्याला वापरलं म्हंजे बघा."

मी मान डोलावली आणि पट्टी काढली. घोडी बारीक तारेकडे अडीच मिलिमीटर खाली होती. जाड तारेकडे चार. म्हणजे जागेवर नव्हती ती नव्हतीच, वर तिरकीही होती. मी पुन्हा मोजलं. तेच. एवढ्या नावाजलेल्या मिस्त्रींच्या हातून असलं काम व्हावं याचं मला वाईट वाटलं, आणि खोटं कशाला बोलू, थोडं बरंही वाटलं. दोन पगार घालवायला आता कारण सापडलं होतं.

"घोडी चुकली आहे, मिस्त्री."

"चुकली न्हाई. तशीच हाय ती."

"अडीच मिलिमीटर इकडे, चार मिलिमीटर तिकडे. हे बघा." आणि सवयीने, अगदी सवयीने, मी खिशातली लाल पेन्सिल काढून घोडीच्या कडेला फुली मारली.

मिस्त्री फुलीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "वाजवून तरी दावा."

"जे मापात नाही ते वाजवून काय करायचं?" मी म्हणालो, आणि सायकलवर टांग मारली.

घरी वडिलांनी विचारलं, "गावात गेलतास. चहा दिला का?"

"दिला."

"कशात?"

"कपात. ते पीत होते तसल्याच."

वडिलांच्या काळात हा प्रश्न साधा नव्हता आणि उत्तरही साधं नव्हतं. मग त्यांनी विचारलं, "आन् गिटार वाजली कशी?" मी वाजवली नाही म्हटल्यावर ते जे चिडले, तसे मी नापास झालो तेव्हाही चिडले नव्हते. "अरे, वाद्य हाय का नटबोल्ट? माणसानं म्होरं ठेवलं आन् तू हातबी लावला न्हाईस?"

"हात लावला ना. मोजलं."

"मोजलं म्हणे," एवढंच बोलून ते पेटीकडे वळले.

काळी गिटार मी घेतली. बोनस गेला, साठवलेलं गेलं. ऑर्केस्ट्राच्या तालमीला ती पिशवीतून काढली तेव्हा सगळे गोळा झाले. ढोलकीवाला म्हणाला, "काय झ्याक दिसते राव!" मी भाव सांगितला. कुणी विचारला नव्हता तरी सांगितला.

सुरुवातीचे कॉर्ड छान गेले. मग गाण्याच्या मधला तुकडा आला, जिथे गिटार एकटी वरच्या सुरांत चढते आणि अकॉर्डियन तिला साथ देतं. मी वर चढलो आणि मास्तरांनी भाता मिटला. "परत." मी परत वाजवलं. "तारा लाव." लावल्या. परत. मास्तर डोळे मिटून म्हणाले, "खाली आहेस तोवर आमच्या गावात असतोस. वर गेलास की दुसऱ्याच गावाला जातोस."

सगळे हसले. मीही हसलो, आतून मात्र जळत होतो. त्या दिवशी मी अकॉर्डियनला दोष दिला, तारांना दिला, दमट हवेला दिला. घरी रात्रभर बसून एकेक पडदा मोजला. लॉगच्या तक्त्यावरून प्रत्येक पडद्याची जागा काढली. सगळं बरोबर होतं. माझ्या आयुष्यात मी इतकं मापात असलेलं दुसरं काही पाहिलं नव्हतं, आणि बाराव्या पडद्यावर ती गिटार बेसूर होती. आता मला स्वतःलाच ते ऐकू येत होतं, आणि एकदा ऐकू आल्यावर दुसरं काही ऐकू येईना.

पुढच्या दोन तालमींना तेच झालं. मास्तर भले माणूस होते. ते ओरडले नाहीत, फक्त म्हणाले, "शनिवारी शेवटचं ऐकतो. मग मला कॅम्पात निरोप पाठवावा लागेल."

हा सोमवार. मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत डबा तसाच ठेवून मी काळी गिटार घेऊन पॅटर्न शॉपमध्ये गेलो. ज्याच्या कामावर लाल फुली मारली त्याच्याच दारात उभं राहायचं, आणि तेही पंचवीस सुतारांच्या देखत.

मिस्त्री बाकावर एका पंपाच्या पॅटर्नवर काम करत होते. मी घडलेलं सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. त्यांनी गिटार घेतली नाही. हातातली पितळी कडांची जुनी पट्टी माझ्यापुढे ठेवली.

"ही मोजा."

"काय मोजायचं?"

"पट्टीच मोजा. तुमच्या पट्टीनं."

मी माझी स्टीलची पट्टी तिच्या शेजारी लावली. शून्याला शून्य जुळलं. पण पुढे जाता जाता दोन्हींच्या रेघा एकमेकींपासून सरकत गेल्या. शेवटाला त्यांचा एक फूट माझ्या एक फुटापेक्षा स्पष्ट मोठा होता. मी मिस्त्रींकडे बघितलं. वीस-पंचवीस वर्षं हा माणूस चुकीच्या पट्टीने काम करत होता?

"बीड थंड झालं की आकसतं," ते म्हणाले. "म्हणून पॅटर्न मोठा करायचा. किती मोठा, ते या पट्टीत आधीच धरल्यालं हाय. आमची पट्टी खोटी हाय, म्हणून तुमच्याकडं येतं ते बीड खरं येतं. तुमी आमच्या कामाला हिरवा ठिपका देता न्हवं, तो या खोट्या पट्टीमुळं."

मी गेज रूममध्ये चार वर्षं काढली होती. बिडाचे हजारो भाग मोजले होते. ते आधी कुठून, कसे येतात हे बघायला मी त्या शॉपची पायरी कधी चढलो नव्हतो. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

मग त्यांनी काळी गिटार घेतली. एक तार बोटाने बाराव्या पडद्यावर दाबली आणि मला बघायला लावलं. "दाबली की तार खाली जाती. खाली गेली म्हंजे ताणली. ताणली म्हंजे सूर चढला. तुमची घोडी बरोबर मध्याच्या मापावर हाय, पण ते माप न दाबलेल्या तारेचं. वाजवताना तर दाबावीच लागती. मग तिला आधीच थोडी जास्त लांबी द्याया नको?"

"अडीच मिलिमीटर," मी म्हणालो.

"मला न्हाई म्हाईत किती. मी घोडी चिकटवलीच न्हवती आधी. तंबोऱ्याला असती तशी मोकळी ठेवली. सरकवत गेलो, मोकळी तार वाजवायची, मग मधी दाबून वाजवायची, दोनी एकजीव होईस्तवर. बारीक तार लवकर जुळली. जाडीला जास्त सरकवावं लागलं. म्हणून ती तिरकी. मग सरस लावला."

एवढं हुशारीचं काम मी आयुष्यात पाहिलं नव्हतं, आणि ते पाहून मी त्यावर फुली मारली होती.

काळ्या गिटारची घोडी सरकवता येईल का, असं मी विचारलं. त्यांनी माझ्याकडचा तपासणीचा छोटा आरसा मागितला, दांडीवर बसवलेला, नळीच्या आत बघायला असतो तसला. मधल्या गोल भोकातून तो आत घालून बॅटरी लावली आणि मला बघायला सांगितलं. आत प्लायवुड. त्याला आधाराला फळकुटं, तीही फळांच्या पेटीची असावीत अशी, एक उजवीकडे एक डावीकडे, आणि सरसाचे वाळलेले ओघळ. बडा घर पोकळ वासा! नक्षीला दिलेले दोन पगार मला आरशात दिसत होते.

"सरकवता येईल," मिस्त्री म्हणाले. "पर वरची साल पातळ हाय, ती उचकटंल. नवी पट्टी बसवावी लागंल, सरस वाळाया पायजे. पंधरा दिस तरी."

शनिवारला चार दिवस होते. मागण्याचं तोंड मला उरलंच नव्हतं. मिस्त्रीच म्हणाले, "सांच्याला घरी या. घरातली हाय ती न्या."

संध्याकाळी ओट्यावर बसून मी तोच आरसा त्यांच्या गिटारमध्ये घातला, या वेळी चूक शोधायला नव्हे. आतल्या आधाराच्या पट्ट्या मधे जाड आणि टोकांना निमुळत्या, पटाशीने एकसारख्या उतरवलेल्या. कुठे सरसाचा थेंब नाही. कोपऱ्यातसुद्धा पॉलिशपेपर फिरवलेला. मी विचारलं, "मिस्त्री, इथे कोण बघणार होतं?" त्यांना प्रश्नच कळला नाही. म्हणाले, "आत हाय म्हणून सोडायचं व्हय?"

घोडीवर माझी लाल फुली तशीच होती. मी म्हटलं, "पुसली नाहीत?"

"तुमचा शेरा हाय. तुमीच पुसा."

मी रुमालाने पुसली.

शनिवारी मास्तरांनी गिटारकडे बघितलं, विचारलं काहीच नाही. अकॉर्डियनवर एक सूर धरून ठेवला आणि म्हणाले, "बारावा." मी दाबला. दोन्ही वाद्यांमधून एकच आवाज आला. त्यांनी दुसरा सूर धरला, तिसरा धरला. मग पूर्ण तुकडा वाजवायला लावला. मी वर चढलो आणि उतरलो आणि पुन्हा चढलो, आणि त्या खोक्याच्या फळीतून असा भरदार, मोकळा आवाज येत होता की माझे डोळे भरून आले. मास्तरांनी भाता मिटला. "कॅम्पात निरोप धाडत नाही," ते म्हणाले. खुर्ची माझी झाली.

त्यानंतरच्या दहा वर्षांत माझ्या हातून पुष्कळ वाद्यं गेली. ऐंशीच्या सुमारास ऑर्केस्ट्राला बेस गिटार हवी झाली तेव्हा मी मुंबईपर्यंत भटकलो, जहाजावरच्या माणसांनी आणलेले परदेशी बेस पाहिले. त्यांचे भाव ऐकून घाम फुटायचा, पण काही वाद्यं त्या भावाची होती, हे कबूल करायला हवं. चांगल्या चाव्या स्वस्तात होत नाहीत, वर्षानुवर्षं वाळवलेलं लाकूड स्वस्तात मिळत नाही. पैसा तिथे खरा असतो. पण तेवढाच पैसा शिंपल्यावर आणि लेबलावर घालवून आत फळकुटं मारलेले बेसही मी पाहिले. भावावरून एवढंच कळतं की कुणीतरी तेवढे पैसे मागितले आहेत. बाकीचं आरसा आत घालून बघावं लागतं, आणि कान लावून. आमचा बेस शेवटी मिस्त्रींनीच बनवला. त्याच्या घोडीवर प्रत्येक तारेला वेगळा तुकडा होता, चारही पुढेमागे. नवे लोक बघून हसायचे, मी हसू देत असे.

पण ते नंतरचं. तेव्हा, ती शनिवारची परीक्षा पार पडल्यावर, गुरुवारी मी चिखलीला गेलो. खिशात ओव्हरटाइमचे पैसे होते. मिस्त्री ओट्यावर करवतीला धार लावत होते.

"मिस्त्री, गिटारची किंमत सांगा."

"तारा आन् चाव्या इकत आणल्या, त्येचं द्या."

"आणि काम?"

"कामाचं काय?"

"असं कसं? पुण्याच्या दुकानात मी किती दिले तुम्हाला माहीत आहे. तुमची तिच्या दसपट चांगली आहे."

"मग दसपट देता का?" ते हसले. मग त्यांनी कानस खाली ठेवली आणि बोटांवर मोजलं. "अकरा गुरुवार लागले मला. सुट्टीशिवाय येळ कुठं मिळतो? अकरा गुरुवार."

"मग अकरा दिवसांची मजुरी."

"मजुरी न्हाई." त्यांनी करवत भिंतीला टेकवली. "इन्स्पेक्टर, मला वाजवता येत न्हाई. भजनात वीणा धरतो, तेवढंच. ही गिटार मी बनवली, सूर जुळवला, पर तिच्यावर गाणं कसं वाजतं ते मी कधी ऐकलंच न्हाई. त्या दिशी तुमाला म्हणालो न्हाई का, वाजवून दावा म्हणून?"

मला वाटलं होतं, ते मला चाचणी घ्यायला सांगत आहेत. त्यांना फक्त ऐकायचं होतं. महिनोन्‌महिने एका वस्तूवर जीव ओतलेला माणूस, दारात वाजवणारा येतो, आणि तो पट्टी काढून फुली मारून निघून जातो. आजही ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

"अकरा गुरुवार या," मिस्त्री म्हणाले. "हितं बसा आन् वाजवा. फिटलं."

मी गेलो. पहिल्या गुरुवारी ते पाठ करून काम करत राहिले, जणू ऐकतच नव्हते, पण रंधा चालत नव्हता. दुसऱ्या गुरुवारी शेजारचे दोघे येऊन बसले. मग घरातल्या बायका दारात उभ्या राहू लागल्या. कधी सिनेमातलं, कधी भजनाची चाल, एकदा मी वडिलांच्या पार्टीचं बाबासाहेबांवरचं गाणं वाजवलं आणि ते कुणाचं आहे हे सांगितलं. मिस्त्री म्हणाले, "परत वाजवा." थंडी संपली. ज्वारी काढून झाली. मधल्या काळात स्पर्धाही झाली, आम्हाला दुसरं बक्षीस मिळालं, आणि खरं सांगतो, टाळ्या वाजल्या तेव्हा मला चिखलीच्या ओट्यावरचे चार लोक जास्त आठवले.

अकराव्या गुरुवारी मी सगळ्यात वरचा तुकडा वाजवून गिटार खाली ठेवली. दारात उभ्या असलेल्या बायका आत गेल्या. मिस्त्रींनी गिटार उचलून घेतली, मोकळी जाड तार छेडली, मग मधे दाबून छेडली, आणि मान तिरकी करून ऐकलं.

"चढतंय जरा," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "ऐकू येतंय का? घोडी केसभर सरकवावी लागंल. तुमी एवढी शनवारची तालीम करून घ्या, मग फुडल्या गुरुवारी आणा."

मी कान लावला. मोकळी तार आणि दाबलेली तार, दोन्ही अगदी एकजीव होत्या. मीही मान तिरकी केली.

"हो मिस्त्री," मी म्हणालो, "चढतंय. येतो गुरुवारी."